झुडपांवरची लोकर

तिबेटच्या पठारावर थंडी ओसरली की एक रानटी हरीण अंगावरची लोकर खडकांना आणि झुडपांना घासून उतरवतं. वाऱ्यावर भुरभुरणारे ते पुंजके तिथले भटके पशुपालक वेचून आणतात, आणि त्यांतून अंगठीतून ओढून काढता येईल इतकी तलम शाल विणली जाते. तिचं नाव शाहतूस. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दिल्लीपासून न्यू यॉर्कपर्यंतच्या दुकानांतून ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली जात होती. कुणी हरणाऐवजी आयबेक्सचं नाव घेई, कुणी सैबेरियातल्या हंसाचं. तपशील बदलत, गाभा बदलत नसे. प्राण्याला काही इजा होत नाही, जे तो टाकूनच देणार होता तेवढंच माणूस घेतो, असं ऐकून गिऱ्हाईक निश्चिंत मनाने शाल खांद्यावर घेई.

ही गोष्ट खोटी होती. पण ती नुसती खोटी असती तर इतकी वर्षं टिकली नसती. तिच्यातला अर्धा भाग अगदी खरा होता, आणि त्या खऱ्या अर्ध्या भागाचा इतिहास माहीत असल्याशिवाय खोट्या भागाने काय केलं ते कळत नाही.

थंड प्रदेशातल्या बहुतेक केसाळ प्राण्यांच्या अंगावर दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ. ते पाऊस, बर्फ, वारा अडवतात. त्यांच्या बुडाशी दाट, मऊ लव असते, आणि ऊब धरून ठेवण्याचं काम तिचं. दोन्ही थरांची मुळं कातडीत वेगवेगळी असतात. प्रत्येक मूळ काही काळ केस वाढवतं, मग आकसतं, मग विश्रांती घेतं, आणि नव्या केसाची वेळ आली की जुना गळतो. वाढ, माघार, विश्रांती या अवस्थांना ॲनाजेन, कॅटाजेन आणि टेलोजेन ही नावं १९२६ साली एफ. डब्ल्यू. ड्राय या संशोधकाने उंदरांच्या केसांचा अभ्यास करताना दिली. माणसाच्या डोक्यावर प्रत्येक केस आपापल्या वेळेने चालतो, म्हणून आपल्याला रोज थोडे केस गळताना दिसतात, टक्कल मात्र एकदम पडत नाही. थंड मुलखातल्या प्राण्यांची मुळं एकजुटीने चालतात. सगळ्या अंगाला एकच ऋतू लागतो.

तो ऋतू थंडीपेक्षा उजेडावर ठरतो. रात्र लांबत गेली की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन जास्त वेळ पाझरतं. हे द्रव्य ॲरन लर्नर यांनी १९५८ साली गुरांच्या पिनियल ग्रंथींतून वेगळं काढलं. पश्मिन्याच्या बकरीची आतली लव साधारण जूनच्या शेवटी, दिवस सर्वांत मोठा असतो तेव्हा वाढायला लागते आणि डिसेंबरात, दिवस सर्वांत लहान होतो त्या सुमाराला थांबते. पुढचे काही आठवडे ती पुरी वाढलेली, पण मुळाशी घट्ट अशी अंगावर राहते. दिवस पुन्हा वाढू लागले की रक्तातलं प्रोलॅक्टिन चढतं, मुळं जागी होतात आणि लव सुटू लागते. ती कातडीपासून अलग झालेली, पण वरच्या राठ केसांत अडकलेली असते त्या दिवसांत लडाखचे चांगपा पशुपालक बकरीचे पाय बांधून तिला आडवी करतात आणि लांब दातांच्या फणीने लव विंचरून काढतात. आपल्या धनगरांच्या मेंढीला कात्री लागते, कारण तिची लोकर अशी एकदम सुटत नाही. पश्मिन्याच्या बकरीला फणी पुरते.

काश्मीरची शाल या फणीवर उभी राहिली. फार्सीत ‘पश्म’ म्हणजे लोकर. अकबराला या शालींचं इतकं वेड होतं की त्याने त्यांचं नाव बदलून ‘परमनर्म’ ठेवलं आणि दोन शाली पाठीला पाठ लावून पांघरण्याची रीत पाडली. ‘आईन-इ-अकबरी’त हे सगळं नोंदलेलं आहे, आणि तिथेच ‘तूस’ या वेगळ्या, आणखी मऊ लोकरीचाही उल्लेख आहे. दोन शालींची ती रीत दख्खनपर्यंत पोचली. पेशवाईत मानकऱ्यांना शालजोड्या मिळत, आणि शालीच्या घडीतून मारलेल्या टोल्याला आपण अजून ‘शालजोडीतला’ म्हणतो.

शाल काश्मीरची असली तरी पश्म तिथली नव्हती. ती यायची पश्चिम तिबेट आणि लडाखच्या चांगथांगमधून, ४,००० मीटरपेक्षा उंच पठारावरून. हा माल ज्याच्या वाटेने जाईल तो श्रीमंत, हे त्या मुलखातल्या प्रत्येक सत्तेला ठाऊक होतं. १६७९ ते १६८४ या काळात लडाख आणि तिबेट यांच्यात युद्ध पेटलं, लडाखच्या राजाने काश्मीरच्या मोगल सुभ्याची मदत घेतली. १६८४ च्या तिंगमोसगंगच्या तहाने तिबेटची पश्म लडाखमार्गे काश्मीरलाच जाईल असं बांधून घेतलं. एका बकरीच्या आतल्या मऊ केसांसाठी केलेला हा तह दीडशे वर्षांहून जास्त टिकला.

मग इंग्रज आले, आणि त्यांना पश्मपेक्षा बकरीच हवीशी झाली. विल्यम मूरक्रॉफ्ट हा जनावरांचा डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीने १८०८ साली बिहारमधल्या पुसा इथल्या घोड्यांच्या पैदास केंद्रावर नेमला होता. १८१२ साली तो हायडर हिअरसी या साथीदाराबरोबर गोसाव्यांच्या वेषात निती खिंड ओलांडून तिबेटात उतरला. एकाने मायापुरी नाव घेतलं, दुसऱ्याने हरगिरी. गर्तोकला बोलणी करून, मानससरोवर पाहून ते सुमारे ५० बकऱ्या घेऊन परतले आणि वाटेत गुरख्यांच्या कैदेत पडले. पुढे मूरक्रॉफ्टने लडाखात दोन वर्षं काढली, काश्मिरात शालीचा धंदा बारकाईने पाहिला आणि १८२५ साली अंदखोईत त्याचा मृत्यू झाला. त्याच्या प्रवासवर्णनात शालीच्या लोकरीचे दोन प्रकार दिले आहेत. एक पाळीव बकरीची, दुसरी रानटी जनावरांची, तिला ‘असली तूस’ म्हणत.

बकरी उचलून दुसरीकडे नेली की पश्मही तिथे पिकेल, या विश्वासाने त्या काळी सगळ्यांना झपाटलं होतं. फ्रान्समध्ये शालींची चलती होती, तिथल्या तर्नो नावाच्या कारखानदाराने १८१९ साली किरगिझ मैदानांतून शेकडो बकऱ्या मागवल्या. रस्त्यातच बऱ्याच मेल्या. वाचल्या त्यांनी काश्मीरला हरवणारं सूत दिलं नाही. १६ मार्च १८४६ च्या अमृतसरच्या तहात तर इंग्रजांनी जम्मूच्या गुलाबसिंगाला ७५ लाख नानकशाही रुपयांत काश्मीर देताना वार्षिक नजराणा ठरवला तो असा: एक घोडा, काश्मिरी शालींच्या तीन जोड्या आणि उत्तम जातीच्या १२ शाल-बकऱ्या, सहा नर, सहा माद्या. १८८४ साली मात्र बकऱ्यांचं कलम बदलून त्याऐवजी काही पौंड पश्म आणि निवडलेली लोकर घ्यायचं ठरलं. मला हा बदल फार बोलका वाटतो. ३८ वर्षांनी साम्राज्याने बकरी सोडून पश्म मागितली.

त्याच पश्मसाठी अमृतसरच्या तहाआधी रक्तही सांडलं. १८३४ पासून गुलाबसिंगाचा सेनापती जोरावरसिंग लडाखवर तुटून पडला. तिबेटातली पश्म आता बुशहरमार्गे इंग्रजी मुलखात झिरपत होती, ती पुन्हा लडाखकडे वळवणं हा त्याच्या १८४१ च्या तिबेट मोहिमेमागचा एक हेतू होता. डिसेंबरात तकलाकोटजवळ त्याची फौज गारठली आणि तो मारला गेला. १८४२ च्या चुशूलच्या तहाने पश्मचा व्यापार पुन्हा लडाखच्या जुन्या वाटेवर आणला.

इतक्या उलाढालीत बकरी मात्र मरत नव्हती. राजे बदलत, जकात वाढे, वाट वळे. वसंत आला की चांगपा बाई किंवा बाप्या फणी घेऊन बसे, बकरी ओरडे, धडपडे, आणि उठून कळपात जाई. पुढच्या वर्षी तीच बकरी पुन्हा लव देई. शाल मऊ होण्याची आणि बकरी जिवंत राहण्याची सोय एकाच चक्राने करून ठेवली होती.

‘असली तूस’चं जनावर फणीखाली बसत नाही. त्याला चिरू म्हणतात. शास्त्रीय नावात ‘हॉजसोनी’ आहे, ते नेपाळात असलेल्या ब्रायन हॉजसनवरून. १८२६ साली एबेल या अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं. दिसायला हरीण, वंशाने शेळ्यामेंढ्यांच्या जवळचा. नराची शिंगं लांब, काळी, जवळपास सरळ. त्याची आतली लव ९ ते १२ मायक्रॉनची. पश्मिना साधारण १२ ते १६ मायक्रॉनची असते, माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. चिरू राहतो तिथे हिवाळ्यात पारा उणे ४० पर्यंत उतरतो, आणि वाऱ्याला आडोसा नसतो. त्याचीही लव ऋतूबरोबर वाढते, ऋतूबरोबर झडते. गोष्टीचा खरा अर्धा भाग तो हा.

पण सुटलेली लव कुठे जाते? चिरू पाळीव नाही. त्याला आडवं पाडून विंचरणारं कुणी नाही. तो शेकडो किलोमीटर भटकतो. उन्हाळ्याच्या तोंडाला माद्या पिलं घालायला दूर उत्तरेकडच्या ओसाड मैदानांत जातात आणि परत येतात. त्या उंचीवर गवताचे तुरळक ठोंब असतात, जमिनीला चिकटलेली वनस्पती असते, वीतभर खुरटी झुडपं असतात. लोकर घासायला लागणारी झुडपांची रांग गोष्टीतच होती. झडलेली लव वाऱ्याने मैलोगणती पांगते, मळते, तुटते. एका शालीला तीन ते पाच चिरूंची लोकर लागते, एकाच्या अंगावरून मिळते सुमारे १२५ ते १५० ग्रॅम. इतकी लोकर खडकांवरून वेचायची तर जन्म पुरणार नाही.

पुरती लोकर हवी तर ती मुळाशी घट्ट असतानाच हातात यायला हवी, म्हणजे कातड्यासकट. हिवाळ्यात ती सर्वांत दाट असते. पूर्वी चांगथांगचे भटके आत वळवलेल्या टोकांच्या कड्यांचे फास लावून थोडेफार चिरू धरत, मांस खात, कातडं आणि लोकर विकत. तेवढ्या शिकारीने कळप हलत नव्हते. १९०३ साली सर्वेक्षण करत गेलेल्या सेसिल रॉलिंग या इंग्रज अधिकाऱ्याने एकाच जागेवरून पिलांसह १५ ते २० हजार माद्या दिसल्याचं लिहून ठेवलं आहे. त्या वर्णनातलं पठार आणि ८० वर्षांनंतरचं पठार एकच, हे मानायला जड जातं.

मधल्या काळात रस्ते झाले, जीप आल्या, बंदुका आल्या, आणि श्रीमंतांच्या जगाला शाहतूस सापडली. युरोप-अमेरिकेत एका शालीला हजारो डॉलर पडू लागले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जॉर्ज शॅलर हा अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ चांगथांगमध्ये हिंडत होता. तो चिरूच्या स्थलांतराचा अभ्यास करायला आला होता. त्याला भटक्यांच्या तंबूंपाशी चिरूची कातडी दिसली आणि त्यांवरून लोकर उपटत बसलेली माणसं दिसली. ही लोकर कुठे जाते, असं विचारत गेल्यावर माग भारताकडे निघाला. शॅलरने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे जगापुढे मांडलं. दुकानातली गोष्ट आणि तंबूपुढचं दृश्य पहिल्यांदाच शेजारी आलं.

खरं तर व्यापार तेव्हाही बेकायदा होता. चिरू १९७९ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात होता. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याची पहिली अनुसूची त्याला लागू होती. पण जम्मू-काश्मीरचा स्वतःचा १९७८ चा कायदा होता, त्यात चिरूचं स्थान असं ठेवलं होतं की परवाना असेल तर व्यवहार करता यावा. आणि झुडपांवरची लोकर सगळ्यांच्या सोयीची होती. अधिकाऱ्याने विचारलं तर तीच, गिऱ्हाइकाने विचारलं तर तीच. १९९३ साली दिल्लीत वाघाची जवळजवळ ३०० किलो हाडं पकडली गेली, तेव्हा तपास करणाऱ्यांना दुसरं टोक दिसलं: भारतातून वाघाची हाडं तिबेटकडे जात होती आणि उलट वाटेने शाहतूस येत होती. एका प्राण्याची हाडं देऊन दुसऱ्याची लव घ्यायची, असा अदलाबदलीचा व्यवहार.

पठारावर त्याच वेळी लढाई चालू होती. चीनच्या छिंगहाई प्रांतातल्या झिदोय जिल्ह्याचा तिबेटी अधिकारी सोनम दारग्ये याने कोकोशिलीच्या निर्मनुष्य मैदानांत शिकारी टोळ्यांचा पाठलाग सुरू केला. १८ जानेवारी १९९४ च्या रात्री, पकडलेले शिकारी आणि त्यांची कातडी घेऊन परतताना सूर्य सरोवराजवळ झालेल्या गोळीबारात तो मारला गेला. वय चाळीसच्या आसपास. बंदूक रोखलेल्या अवस्थेतच त्याचा देह गोठलेला सापडला, असं त्याचे सहकारी सांगत. त्याच्या मेहुण्याने पुढच्या वर्षी स्वयंसेवकांची गस्त उभी केली, ‘रानयाक पथक’ या नावाने. तुटपुंजा पैसा, मोडक्या गाड्या. दहा वर्षांनी लू छुआन या दिग्दर्शकाने या माणसांवर ‘केकेशिली’ हा चित्रपट काढला.

या पथकाने जे पाहिलं त्यात मला सर्वांत असह्य वाटतं ते पिलं घालायच्या मैदानांवरचं. हिवाळ्यातली लोकर उत्तम, हे शिकाऱ्यांना कळत होतं. पण उन्हाळ्यात हजारो माद्या एका जागी जमतात, रस्ते मोकळे असतात. टोळ्या रात्री गाड्यांचे दिवे लावून त्या कळपांत शिरत. दिव्यांनी भांबावलेल्या गाभण माद्या उभ्या उभ्या गोळ्यांना बळी पडत. कातडी सोलून नेली जात, देह तिथेच. लोकर चांगली केव्हा असते हा विचारही मागे पडला होता. ज्या चक्राच्या नावावर सगळा धंदा चालला होता त्या चक्राचीच पर्वा उरली नव्हती. १९९० च्या दशकाच्या मध्यावर चिरूंची संख्या ६५ ते ७५ हजारांवर आल्याचा अंदाज होता.

खोटी गोष्ट अखेर राठ केसांनी उघडी पाडली. कातड्यावरून उपटलेल्या लवेत वरच्या थराचे काही केस येतातच. कारागीर ते निवडून काढतो, पण सगळे निघत नाहीत. अमेरिकेच्या वन्यजीव खात्याच्या ओरेगॉनमधल्या ॲशलंड इथल्या प्रयोगशाळेत बॉनी येट्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली चिरूच्या राठ केसांची ओळख पटवण्याची रीत बसवली. त्या केसांच्या गाभ्यातल्या पेशींची मांडणी पश्मिन्याच्या बकरीहून वेगळी दिसते. त्यामुळे जप्त केलेली शाल कोणत्या प्राण्याची हे न्यायालयात सांगता येऊ लागलं.

जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयाने २००० साली वन्यजीव कार्यकर्ते अशोक कुमार यांच्या अर्जावर शाहतूसवरची बंदी अंमलात आणायला सांगितलं. २००२ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन चिरूला सर्वोच्च संरक्षण मिळालं. श्रीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांत याचा घाव खोल बसला. ९ मायक्रॉनचा धागा चरख्यावर न तुटता काढणाऱ्या बायका, राठ केस निवडणारे, विणकर, रफूगार अशा हजारो माणसांचं हे पिढीजात काम होतं. बंदुकीशी त्यांचा संबंध नव्हता आणि नफ्यातला मोठा वाटाही त्यांच्याकडे आला नव्हता. त्यातले बरेच पश्मिन्याकडे वळले. पण तिथे यंत्रावरच्या सुताशी गाठ होती. काश्मीर पश्मिन्याला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते हातकताई आणि हातमागाच्या मालासाठी. त्या हातांचं काही देणं आपल्यावर आहे असं मला वाटतं.

चोरटा व्यापार थांबला नाही. गेल्या दशकातही स्वित्झर्लंडच्या सीमेवर शाहतूस शाली जप्त होत राहिल्या. पण पठारावर गस्त वाढली, राखीव क्षेत्रं मोठी झाली. २००६ साली ल्हासापर्यंत गेलेल्या रेल्वेच्या पुलांखालून माद्यांना ये-जा करायला वाटा ठेवल्या गेल्या. २०१६ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघाने चिरूला ‘संकटग्रस्त’ यादीतून वर उचलून ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात ठेवलं. संख्या तेव्हा एक ते दीड लाख मानली गेली.

लडाखच्या रूपशू आणि हानलेच्या बाजूला चांगपा आजही बर्फ वितळल्यावर फण्या काढतात. तिथून ईशान्येकडे, सीमेपलीकडच्या उंच पठारावर, त्याच सुमाराला चिरूच्या माद्या उत्तरेची वाट धरतात. चालता चालता त्यांच्या अंगावरची हिवाळी लव सुटत जाते. वारा ती घेऊन जातो.